कॉव्हेंट्रीची फीत आणि सोलापूरची चादर

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक फॉरवर्ड हमखास येतं. हिरव्या रंगाची, माशासारखी गुळगुळीत, चालकाच्या डोक्यामागे एक उभा पंख असलेली जुनी शर्यतीची गाडी. खाली मजकूर असा की, ज्या इंग्रजांनी आपल्यावर राज्य केलं त्यांची ही जग्वार आज आपल्या टाटांच्या मालकीची! मग तिरंगा, मग टाळ्या, मग मामांचा अंगठा. :)

त्या टाळ्यांचा मला राग नाही. २ जून २००८ ला टाटा मोटर्सने फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर २३० कोटी डॉलरला घेतल्या, ही गोष्ट खरीच आहे आणि मोठीही आहे. पण विकत घेता येतं ते नाव, कारखाना, नकाशे, पेटंटं. त्या फोटोतली गाडी ज्या हातांनी घडवली ते हात काही खरेदीखतात लिहून मिळत नाहीत. सोलापूरच्या माणसाने तर तो फोटो बघून छाती फुगवण्याऐवजी थोडं विचारात पडावं, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते सांगतो. गाड्यांमध्ये रस नसलेल्या आत्या-मावश्यांनीही वाचा बरं का, कारण यातली अर्धी गोष्ट मागाची आहे.

आधी गाडी. ही जग्वार डी-टाइप. १९५४ साली आली. शोरूममधली गाडी आणून तिच्यावर पट्टे रंगवायचे आणि शर्यतीत उतरवायची, हा एक प्रकार. शर्यतीसाठी म्हणून कोऱ्या कागदावर गाडी आखायची, हा दुसरा. त्याला स्पोर्ट्स प्रोटोटाइप म्हणतात आणि डी-टाइप त्यातली. तिचं लक्ष्य एकच होतं. फ्रान्समधल्या ल माँ गावची चोवीस तासांची शर्यत. शनिवारी दुपारी सुरू व्हायची ती रविवारी दुपारी संपायची. एरवी लोकांच्या वापरातले रस्ते बंद करून केलेला साडेतेरा किलोमीटरचा फेरा, त्यात सहाएक किलोमीटरचा एक सरळसोट पट्टा. दोन चालक आलटून पालटून बसणार. रात्र, धुकं, पाऊस, जे येईल ते. यात नुसता वेग कामाचा नाही. गाडी टिकली पाहिजे, आणि वेगात असताना थांबताही आलं पाहिजे.

जग्वार त्या मानाने लहान कंपनी. विल्यम लायन्स आणि विल्यम वॉम्स्ली या दोघांनी १९२२ साली ब्लॅकपूलला मोटरसायकलच्या साइडकार बनवायला सुरुवात केली, तिथून ही वाढली. १९२८ साली लायन्सने बिऱ्हाड कॉव्हेंट्रीला हलवलं. का हलवलं, तर कसबी कामगार तिथे मिळत होते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डी-टाइपच्या आधीची सी-टाइप १९५१ साली ल माँला जिंकली. १९५२ साली मर्सिडीजच्या वेगाची धास्ती घेऊन घाईघाईत गाडीचं नाक बदललं, इंजिनं तापली आणि तिन्ही गाड्या सुरुवातीच्या काही तासांतच बाद झाल्या. १९५३ ला परत आले ते डनलॉपबरोबर तयार केलेले डिस्क ब्रेक लावून, आणि जिंकले. चोवीस तासांचा सरासरी वेग ताशी १०० मैलांच्या वर जाण्याची ती पहिलीच वेळ. आज तुमच्या-आमच्या मोटरसायकलच्या पुढच्या चाकाला जी भोकाभोकांची चकती दिसते ना, तिची एक मोठी परीक्षा तिथे झाली.

मग डी-टाइप. तिचा आकार ठरवणारा माल्कम सेयर हा विमान कंपनीतून आलेला माणूस. संगणक नव्हता. स्लाइड रूल आणि लॉगॅरिथमची पुस्तकं घेऊन तो गाडीच्या प्रत्येक वळणाचे बिंदू गणिताने काढायचा. आपण गाडी सुंदर दिसावी म्हणून आखत नाही, हवा कापावी म्हणून आखतो, असा त्याचा हिशेब. गाडीचा मधला भाग म्हणजे विमानासारखा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा टबच. आपला पिठाचा डबा आठवा. पत्रा पातळ, पण डबा म्हणून वळवला की वाकत नाही. तेच तत्त्व. इंजिनाखाली तेलाचं खोल भांडं असतं, ते काढून तेलाची टाकी वेगळी केली आणि इंजिन थोडं तिरकं बसवलं, म्हणजे बॉनेट खाली आलं. पेट्रोल रबरी पिशव्यांत, हीसुद्धा विमानातलीच कल्पना. डोक्यामागचा पंख शोभेचा नव्हता, सरळ पट्ट्यावर गाडी डुलू नये म्हणून होता.

पदार्पणातच १९५४ साली ती दुसरी आली. समोर जवळजवळ पाच लिटर इंजिनाची फेरारी, हिचं इंजिन ३.४ लिटरचं. सुरुवातीला पेट्रोलमधल्या बारीक घाणीने फिल्टर तुंबले, त्यात वेळ गेला. तरी चार हजार किलोमीटरच्या वर धावून पराभव झाला तो फक्त चारेक किलोमीटरने!

१९५५ साली ती जिंकली. पण त्या विजयावर टाळ्या वाजवायला हात उचलत नाहीत. माइक हॉथॉर्नने पिटमध्ये जायला ब्रेक लावले. मागची ऑस्टिन-हीली बाजूला सरकली आणि तिच्यावर मर्सिडीज आदळून प्रेक्षकांत उडाली. मर्सिडीजचा चालक पिएर लव्हेग आणि ऐंशीहून जास्त प्रेक्षक गेले. मोटर शर्यतींच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा अपघात. मध्यरात्रीनंतर मर्सिडीजने उरलेल्या गाड्या काढून घेतल्या. जग्वार धावत राहिली. हॉथॉर्न आणि आयव्हर ब्यूब पहिले आले. दोष कुणाचा, यावर आजही वाद घालणारे आहेत. आणि लायन्सचा एकुलता एक मुलगा जॉन त्याच शर्यतीला जाताना फ्रान्समध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेला होता. फॉरवर्डमध्ये हे काही येत नाही.

१९५६ साली एडिंबरातल्या एक्युरी एकॉस या छोट्या खाजगी संघाने आपल्या निळ्या डी-टाइपवर शर्यत मारली. चालक रॉन फ्लॉकहार्ट आणि निनियन सँडरसन. त्याच वर्षी जग्वारने स्वतःचा संघ बंद केला. फेब्रुवारी १९५७ मध्ये ब्राउन्स लेनच्या कारखान्याला आग लागली, शिल्लक डी-टाइपपैकी काही जळाल्या. आणि चारच महिन्यांनी त्याच एडिंबराच्या संघाने पुन्हा ल माँ जिंकली. त्या वर्षी डी-टाइप पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या आल्या! १९५८ पासून इंजिनावर तीन लिटरची मर्यादा आली आणि तिचा काळ संपला. मूळच्या सगळ्या मिळून शंभरही झाल्या नाहीत. १९५६ ची विजेती गाडी २०१६ साली अमेरिकेत लिलावात दोन कोटी डॉलरच्या वर गेली.

झाली गाडीची कथा. आता खरा प्रश्न. हे सगळं कॉव्हेंट्रीतच का झालं?

कॉव्हेंट्री हे विणकरांचं गाव होतं. चादरी नाहीत, रेशमी फिती. बायकांच्या टोप्यांना, झग्यांना लावायच्या. हजारो घरं त्यावर जगत होती. १८६० साली इंग्लंड-फ्रान्सचा व्यापार करार झाला, फ्रेंच रेशमावरची जकात उठली आणि धंदा बसला. माग थंड पडले. लोक उपाशी राहिले, हजारो गाव सोडून गेले. दत्त नगर किंवा अशोक चौकातल्या कुणाही जुन्या माणसाला हे वाक्य वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

पण पुढचं बघा. त्या गावात घड्याळं बनवणारे बारीक हाताचे कारागीर होते. १८६० च्या दशकात तिथे शिवणयंत्रांचा कारखाना निघाला. त्या कारखान्याने थोड्याच वर्षांत सायकली बनवायला घेतल्या. १८८५ साली याच गावात रोव्हर सायकल निघाली, दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला साखळी. आज आपण चालवतो ती सायकल जवळपास तीच. सायकलवाल्यांनी मोटरसायकली केल्या, मोटारी केल्या. १८९६ साली डेमलर कंपनीने इंग्लंडमधला मोटारीचा कारखाना थाटला तो कॉव्हेंट्रीतल्या एका बंद पडलेल्या कापड गिरणीत. हो, गिरणीत! युद्धात गावाने विमानांची कामं केली. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री बाँबहल्ल्यात गाव जळालं, तरी पुन्हा उभं राहिलं. ज्या ब्राउन्स लेनमध्ये डी-टाइप घडली तो कारखानाही मूळचा डेमलरने युद्धकाळात चालवलेला.

म्हणजे फीत, घड्याळ, शिवणयंत्र, सायकल, मोटार, विमान, डी-टाइप. धंदे मेले, पण प्रत्येक वेळी हातातला कसब पुढच्या धंद्यात सरकला. सेयर हुशार होता, वादच नाही. पण त्याच्या कागदावरचं वळण पत्र्यावर उतरवणारा माणूस गावात नसता तर तो कागद कागदच राहिला असता.

आता आपल्याकडे या.

जुनी मिल १८७७ ची. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम. भोंग्यावर गावाचं घड्याळ चालायचं. ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी मिल बंद पडली, तेव्हा तो प्रश्न एवढा मोठा झाला की सरकारला १९५० च्या जानेवारीत खास वटहुकूम काढून मिल ताब्यात घ्यावी लागली. त्यावरचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि आजही कायद्याची पोरं तो अभ्यासतात. पुढे एकेक करून गिरण्या बंद होत गेल्या. आमच्या थोरल्या काकांनी विणकाम खात्यात जॉबर म्हणून उभी हयात काढली. बिघडलेल्या साच्याच्या आवाजावरून कुठला भाग झिजलाय ते सांगायचे. मिल बंद झाल्यावर काही वर्षं त्यांनी किराणा दुकानात वजनं केली. कुणी विचारलंच नाही की तुमच्या कानाचं काय करायचं. कॉव्हेंट्रीत आणि सोलापुरात मला फरक दिसतो तो इथे.

मोटारीचं स्वप्न आपल्याकडे नव्हतं असंही नाही. वालचंद हिराचंद आपल्या सोलापुरात १८८२ साली जन्मले. त्यांनी जहाजं काढली, १९४० साली बंगळूरला विमानाचा कारखाना काढला, १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. लायन्स आणि वालचंदशेठ एका काळातली माणसं. वालचंदशेठ एप्रिल १९५३ मध्ये गेले, त्यानंतर दोनच महिन्यांनी डिस्क ब्रेकवाली सी-टाइप ल माँ जिंकली. पण कारखाना निघाला कुर्ल्याला, आणि पुढे परवान्यांच्या काळात त्याला कुणाशी शर्यतच उरली नाही. १९६४ ची फियाट ११०० पुढे ‘पद्मिनी’ झाली आणि जवळजवळ त्याच रूपात २००० च्या आसपासपर्यंत बनत राहिली. मुंबईच्या रस्त्यावरची तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. पद्मिनीवर माझा जीव आहे, आमच्या घरातली निम्मी लग्नं तिच्यातून लागली. :) पण जिचं बुकिंग वर्षानुवर्षं आधी भरलेलं, तिने सुधारायचं कशासाठी? १९५२ साली जग्वार चारचौघांत नापास झाली, म्हणून १९५३ ला तयारीनिशी आली. आपल्या गाडीला नापास होण्याची सोयच नव्हती.

कुणी म्हणेल, शर्यती म्हणजे श्रीमंतांचे चोचले, आणि १९५५ ला माणसं मेली ती कशासाठी? हा आक्षेप मला मान्य आहे. गड्ड्यावरचा मौत का कुआँ बघूनसुद्धा माझ्या पोटात गोळा येतो. मोटारींच्या शर्यतीच व्हाव्यात, असा माझा आग्रह नाही. आग्रह आहे तो परीक्षेचा. आपण केलेलं काम चारचौघांत, आपल्याहून मोठ्यांच्या शेजारी ठेवून तपासून घ्यायचं, हार झाली तर तिचं कारण काढायचं. चादरीलाही ते लागू आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, छान झालं. पण मानांकन म्हणजे नाव जपणं. नाव जपल्याने माग सुधारत नाही.

आता सगळ्यात आतली गोष्ट. जग्वारच्या त्या ३.४ लिटर इंजिनाच्या डोक्यावर दोन कॅमशाफ्ट होते. कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला दांडा. तो फिरला की उंचवट्यांनी व्हॉल्व्ह ठरल्या क्षणी उघडतात, मिटतात. यंत्रमागावरही ताण्याचे धागे वर-खाली करायला असाच कॅमचा दांडा असतो. काकांना इंजिन कधी कळलं नाही, पण कॅम झिजला की काय होतं ते त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. जग्वारचं ते इंजिन १९९२ पर्यंत बनत होतं. आणि १९९२ सालीच सोलापुरात प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सुरू झाली. आज जगभरच्या मोटारींत सोलापूरचे कॅमशाफ्ट फिरतात. माझ्या मते ती फॉरवर्डमधल्या जग्वारपेक्षा जास्त अभिमानाची गोष्ट आहे, कारण ती विकत घेतलेली नाही, केलेली आहे.

पण २०२१ साली जग्वारने जाहीर केलं की यापुढे हे नाव फक्त विजेच्या गाड्यांवर लागेल. विजेच्या गाडीला व्हॉल्व्ह नसतात. व्हॉल्व्ह नाहीत म्हणजे कॅमशाफ्टही नाही. पेट्रोलची इंजिनं काही उद्या सकाळी बंद होत नाहीत, अजून बरीच वर्षं धावतील. तरी दिशा कळायला ज्योतिषी लागत नाही. माझा भाचा डिप्लोमा करून इथेच एमआयडीसीत ग्राइंडिंगवर आहे. मायक्रॉनमध्ये काम करतो. परवा विचारत होता, मामा, पुण्याला जाऊ का? वय तेवीस. कॉव्हेंट्रीच्या विणकरांपुढे १८६० साली जे येऊन उभं राहिलं, त्याचीच चाहूल त्याला लागली आहे.

मी त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. पुण्याला जायचं तर जा, पण आपलं काम कॅमशाफ्ट आहे असं समजून जाऊ नकोस. तुझं काम मायक्रॉन आहे. मोटरच्या शाफ्टला तो लागतो, पंपाला लागतो, दवाखान्यातल्या यंत्रांना लागतो. वस्तू बदलेल, माप बदलणार नाही. कॉव्हेंट्रीतल्या घड्याळवाल्यांनी सायकली केल्या त्या याच जोरावर.

आणि हे एकट्या पोराने करायचं काम नाही. कॉव्हेंट्रीतही ते एकेकट्याने झालं नाही. एक धंदा बसला की शेजारी दुसरा उभा करणारे लोक गावात होते. पैसा होता, बंद गिरणीची इमारत कारखान्याला देण्याची अक्कल होती. आपल्याकडे गिरण्या बंद पडल्या की पहिली चर्चा जागेच्या भावाची. माणसांचा भाव कुणी काढलाच नाही. आज एमआयडीसीतल्या कारखानदारांनी, आयटीआयने आणि इंजिनीअरिंग कॉलेजांनी एकत्र बसून एवढं जरी ठरवलं की इथल्या ग्राइंडरला, फिटरला, ओतकाम करणाऱ्याला पुढचं कुठलं काम शिकवायचं, आणि ते पगार चालू असताना शिकवायचं, तरी पुष्कळ झालं. हे मागणं फार मोठं नाही. मिलच्या वेळी कुणी केलं नाही, एवढंच.

कॉव्हेंट्री स्वर्ग आहे असं समजू नका. ब्राउन्स लेनमधलं गाड्यांचं उत्पादन २००५ साली थांबलं. त्यांनाही पुन्हा पुढचं काही शोधावं लागतंय. साखळी एकदा जमली म्हणजे कायमची जमली, असं कुठल्याच गावाचं नसतं. दर पिढीला ती नव्याने जोडावी लागते.

आमच्या घरात, तुमच्या घरात अजून एखादा जॉबर, एखादा फिटर शिल्लक असेल. ऐंशीच्या पुढे गेला असेल. त्याला गिरणीच्या आठवणी विचारू नका, त्या तो न विचारताही सांगतोच. साचा अडला की आधी कुठे हात घालायचा, ते विचारा. आणि ऐकताना शेजारी घरातलं एखादं विशीतलं पोर बसवा.